भिंतीवर खुणा करायला खडूच हवा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातलं थोडं काम स्वतःच करायला घेतलं आहे. एका भिंतीवर तीन शेल्फ लावायचे, दुसऱ्या भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत गडद रंग द्यायचा आणि ओट्यामागे टाइल्स बसवायच्या. लांब, सरळ रेघा माराव्या लागणार. सूत मारायची, म्हणजे पूड लावलेली दोरी झटकून भिंतीवर सरळ रेघ उमटवायची, निळी पूड हाताशी नाही, शाळेतला खडू तेवढा आहे. तो चालेल का? नाहीतर दुसरं काय वापरू?

चालेल, पण तुमच्या तीन कामांपैकी एकालाच, टाइल्सच्या. शेल्फसाठी खडूपेक्षा बरी सोय बहुतेक घरात असतेच. रंगाच्या पट्ट्यासाठी मात्र मी खडूला हात लावणार नाही, मग तो शाळेतला असो की खास आखणीची पूड असो. का, ते सांगतो. उत्तर लांबेल, कारण भिंतीवरच्या खुणांमुळे वाया गेलेली कामं गेल्या पंचवीस वर्षांत बरीच पाहिली आहेत आणि त्यातली दोन-चार माझीच आहेत.

नवखा माणूस भिंतीपुढे उभा राहिला की त्याला पहिली काळजी पडते ती उमटण्याची. ती सोडून द्या. भिंतीवर सगळंच उमटतं, घरात लहान मूल असेल तर तुम्हाला हे माहीत आहेच. विचारायचं ते असं, की ही रेघ किती वेळ टिकायला हवी आणि नंतर तिच्यावर काय बसणार आहे? टाइल बसणार असेल तर ओल्या हाताने, टाइल चिकटवायच्या ओल्या मसाल्याने पुसली न जाणारी रेघ हवी. रंग बसणार असेल तर रंगाखालून वर न येणारी हवी. आणि वर काहीच येणार नसेल, भिंत आहे तशीच दिसणार असेल, तर मागमूस न ठेवता जाणारी हवी. हे ठरलं की साधन आपोआप ठरतं.

टाइल्सच्या भिंतीपासून सुरुवात करू. तिथे खाली सिमेंटचा खरबरीत गिलावा असतो आणि शेवटी सगळं झाकलं जातं, त्यामुळे खडूला मोकळं रान आहे. फळ्यावरचा खडू साधारण दोन जातींचा असतो. एक जिप्समचा, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवल्यावर जे घट्ट होतं तेच. दुसरा कॅल्शियम कार्बोनेटचा, चुनखडीच्या कुळातला. तुमच्याकडे कोणता आहे हे पाहायचं असेल तर तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसला तर दुसरा. आखणीला दोन्ही चालतात. फक्त रंगीत खडू टाळा. पांढऱ्यात डाग पाडणारं काही नसतं, रंगीतात काय घातलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

खडूची खरी अडचण त्याच्या जाडीची आहे. नव्या खडूने मारलेली रेघ चार-पाच मिलिमीटर रुंद होते. मग माप धरायचं रेघेच्या वरच्या कडेला, खालच्या कडेला की मध्यावर? एका टोकाला वरची कड धरली आणि दुसऱ्या टोकाला खालची, की टाइलची ओळ तिथेच तिरकी गेली. म्हणून खडूचं टोक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजूंनी घासून पटाशीसारखं चपटं करून घ्या. टोक जरासं पाण्यात बुडवलं तर रेघ आधी फिकट दिसते, पण वाळल्यावर ठसठशीत उठते आणि कोरड्या रेघेसारखी लगेच झडत नाही.

पण दोन-तीन मीटरची सरळ रेघ हाताने खडू ओढून येत नाही. त्याला सूतच मारावं लागतं. ‘सुतार’ हा शब्दच ‘सूत्रधार’वरून आला आहे, म्हणजे हातात सूत धरणारा. करवत, रंधा वगैरे मंडळी त्याच्या नावात नाहीत, दोरी आहे. आखणीला किती मान होता ते यावरून समजावं.

पुडीची डबी नसली तरी सूत मारता येतं. सुती, पिळाची, दीड-दोन मिलिमीटर जाडीची दोरी घ्या. नायलॉनची नको. ती गुळगुळीत असते, पूड धरत नाही आणि ताणली की रबरासारखी लांबते. खडू बारीक कुटून जुन्या पातळ कापडातून चाळून घ्या. भिंत सिमेंटची करडी असेल तर पांढरी पूड पुरते. पांढऱ्या भिंतीवर ती दिसणार नाही, म्हणून तिच्यात चिमूटभर नीळ मिसळतात. मात्र नीळ पुडीचीच हवी. कोरडी पारंपरिक नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, पाण्यात न विरघळणारे कण. बाटलीतली पातळ नीळ हा बहुधा विरघळलेला रंग असतो, तो भिंत पितेच. दोरी मुठीत पूड धरून तिच्यातून दोनदा ओढा आणि भिंतीवर नेण्याआधी एकदा हवेत झटका. ही झटक लोक विसरतात, मग पहिल्याच रेघेला पुडीचा ढग बसतो.

आता मारायचं कसं. एका टोकाला खिळा ठोकून दोरी अडकवा. पुढे टाइल येणार आहे, त्यामुळे खिळ्याचं भोक झाकलं जाईल. दुसऱ्या टोकाला दोरी खुणेवर धरून ताणा, अशी की बोटाने छेडली तर वाजली पाहिजे. ढिली दोरी मधोमध लोंबते आणि रेघही तशीच पोटात खाली येते. मग मधला भाग चिमटीत धरून भिंतीपासून सरळ आपल्याकडे ओढा, चार-सहा सेंटिमीटर, आणि सोडा. ओढताना वर किंवा खाली झुकलात तर रेघ धनुष्यासारखी येते आणि पाहणाऱ्याला कळतही नाही की चूक हाताची आहे. एकदाच मारायचं. ‘नीट उमटली नाही’ म्हणून पुन्हा मारलं की दोन-तीन मिलिमीटर शेजारी दुसरी रेघ येते, आणि खरी कोणती हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही. भिंत तीन-साडेतीन मीटरपेक्षा लांब असेल तर मधोमध कुणालातरी अंगठ्याने दोरी दाबून धरायला सांगा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मारा. हवा दमट असेल तर पुडीच्या गुठळ्या होतात. अशा वेळी कमी पूड, जास्त ताण.

उभ्या रेघेसाठी दोरीच्या टोकाला वजन बांधा, म्हणजे तीच ओळंब्याचं काम करते. वजन स्थिर झालं की खालचं टोक बोटाने भिंतीला दाबा आणि तशीच झटका. ओळंबा हलत असताना घाई केलेली मी बऱ्याच जणांची पाहिली आहे. पंखा बंद करा, एवढाच त्यावर उपाय.

लाल पुडीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण दुकानात निळी संपली असेल तर माणूस लाल उचलतो. लाल पुडीत लोखंडाचा ऑक्साइड असतो, गेरूचाच भाऊ. तो पावसात टिकावा, काँक्रीटवर राहावा म्हणूनच वापरतात. घराच्या आत, जिथे वर रंग यायचा आहे तिथे लाल पूड नेऊ नका. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या काही थडग्यांत चित्रकारांनी लाल रंगात भिजवलेल्या दोरीने चौकटी आखल्या होत्या, आणि जिथे चित्र अर्धवट राहिलं तिथे त्या रेघा अजून दिसतात. माझ्या बाबतीत इतका काळ लागला नाही. उमेदीच्या दिवसांत मी लांबी (पुट्टी) भरून घासलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लाल सूत मारलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि पुसता पुसता रेघेचा चार बोटं रुंद गुलाबी पट्टा केला. पांढऱ्या रंगाचे चार हात गेले त्याच्यावर. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, फक्त प्रत्येक हात वाळल्यावर येऊन पाहून जायच्या.

टाइल्सच्या भिंतीवर लाल तसं चालेल, पण फिकट संगमरवर किंवा तत्सम नैसर्गिक दगड लावणार असाल तर तिथेही नको. असे दगड थोडा उजेड आणि ओल आतून पुढे जाऊ देतात, मागचा गडद डाग समोर जाणवू शकतो. तिथे पांढरा खडू, झालंच तर निळा, तोही कमी.

आणखी एक, टाइल्समध्ये आखणी चुकते ती साधनामुळे कमी आणि जागेमुळे जास्त. तुम्ही सुंदर रेघ मारता आणि पाच मिनिटांत तिच्यावर चिकटवण्याचा मसाला थापता. रेघ गेली. म्हणून रेघ टाइल्सच्या हद्दीबाहेर दोन्हीकडे वीतभर लांबवून ठेवा, म्हणजे झाकली गेली तरी दोरी पुन्हा त्याच दोन टोकांवर ताणता येते. त्याहून चांगलं म्हणजे पहिल्या ओळीच्या खालच्या कडेला एक सरळ लाकडी पट्टी लेव्हलमध्ये ठोकायची आणि टाइल्स तिच्यावर टेकवायच्या. ओटा सरळ आहे असं धरून चालू नका. बहुतेक ओटे सरळ नसतात. पट्टी लावली की ती स्वतःच रेघ होते, पुसली जायची भीती नाही. आणि मसाला लावण्याआधी भिंतीवर सांडलेली जादा पूड कोरड्या ब्रशने झाडा. धुळीवर काहीच नीट चिकटत नाही.

खडू अजिबातच मिळत नसेल आणि प्लास्टर ऑफ पॅरिस पडून असेल तर खडू घरीही होतो. दोन भाग पूड, एक भाग पाणी, कागदाच्या नळीत ओतायचं, एक-दोन दिवस वाळू द्यायचं. घट्ट होताना ते गरम होतं, त्यात बोटं बुडवून ठेवू नका, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका. पाइपमध्ये त्याचा दगड होईल. खरं सांगायचं तर तीन कामांसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

आता शेल्फ. इथे भिंत रंगवून तयार आहे आणि शेल्फच्या वर-खालची भिंत उघडी राहणार आहे. म्हणून मी भिंतीवर लिहीतच नाही. मास्किंग टेप लावतो आणि टेपवर लिहितो. शेल्फ जिथे येणार तिथे भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेपची एक पट्टी लावा, तिच्यावर बारीक पेन्सिलने रेघ, मापं, भोकांच्या फुल्या, हवं तर ‘डावा ब्रॅकेट’ असं नाव, सगळं लिहा. चुकलं तर टेप काढून दुसरी लावा. ड्रिल टेपमधूनच चालवा, रंगाचे टवके कमी उडतात. गुळगुळीत टाइलवर भोक पाडतानाही टेप कामाला येते, ड्रिलचं टोक सुरुवातीला घसरत नाही.

टेपला दोन पथ्यं आहेत. रंग ताजा असेल तर ती लावू नका. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण पूर्ण पक्कं व्हायला दोन-चार आठवडे जातात आणि त्याआधी चिकट टेप त्याची साल घेऊन निघते. दुसरं म्हणजे ती दिवसेंदिवस भिंतीवर ठेवू नका, विशेषतः उन्हाच्या भिंतीवर, डिंक मागे राहतो. कोपऱ्यात, दाराआड एक तुकडा लावून, तासाभराने काढून पाहा. रंग सोबत आला तर समजा की दोष टेपचा नाही, खालच्या भिंतीचा आहे. मग भिंतीवर थेट पेन्सिलच बरी.

थेट पेन्सिल म्हणजे एचबी. ज्यांना वाटतं की फिकट खूण हवी म्हणून जास्त कडक शिसं घ्यावं, त्यांनी ४एचने एकदा जिप्समच्या बोर्डवर किंवा लांबीवर लिहून पाहावं. खूण फिकट येते पण ओरखडा पडतो आणि खोडल्यावरही तिरप्या उजेडात दिसतो. २बी, ४बी मऊ असतात, ती फासतात. एचबी, हलका हात, आणि लांब रेघेऐवजी एक सेंटिमीटरच्या बारीक टिचक्या. भिंतीवर पूर्ण रेघ क्वचितच लागते. दोन टिचक्या आणि एक सरळ पट्टी पुरते. खोडायला पांढरं प्लास्टिकचं रबर घ्या, गुलाबी रबर कधीकधी स्वतःचाच रंग ठेवून जातं.

खूण कशी करावी यालाही थोडं महत्त्व आहे. आडवी टिचकी नेमकी कुठल्या बिंदूला आहे हे घाईत कळत नाही. उलट्या ‘व्ही’सारखी खूण केली की तिचं टोक एकच असतं, चूक व्हायला वाव राहत नाही. आणि शेल्फ रेघेच्या वर येणार की खाली, हे तिथेच छोट्या बाणाने दाखवून ठेवा. ब्रॅकेटच्या जाडीएवढी चूक मी स्वतः केली आहे. रेघ बरोबर, माप बरोबर, बाजू उलटी.

भोकांच्या जागा वस्तूवरून भिंतीवर उतरवणं हा वेगळाच त्रास. वस्तूच्या मागे अडकवायच्या फटी असतील तर तिच्या पाठीवर टेपची पट्टी लावा, भोकांच्या जागी खिळ्याच्या टोकाने टोचा, तीच टेप सोलून लेव्हल धरून भिंतीवर चिकटवा. भोकं आपोआप नेमकी येतात. टेप नसेल तर फटींच्या कडेला टूथपेस्टचा बारीक ठिपका लावून वस्तू जागेवर धरून दाबा. ठिपका भिंतीवर उमटतो, काम झालं की ओल्या कापडाने जातो. हसू नका, चांगले कारागीर हे करतात. इथे खडूचाही एक छान उपयोग आहे. जिप्सम बोर्डमध्ये स्विचच्या डबीसाठी खिडकी कापायची असेल तर भिंतीतल्या डबीच्या कडेवर खडू जोरात घासा, वीजपुरवठा बंद करूनच, आणि बोर्ड जागेवर धरून दाबा. बोर्डच्या पाठीवर डबीचा चौकोन मिळतो.

आणि दोन भोकांच्या खुणा एकदम करून दोन्ही एकदम पाडू नका. ड्रिल विटेत किंवा गिलाव्यातल्या खड्यावर थोडं सरकतंच. एक भोक पाडा, ब्रॅकेट एका स्क्रूवर सैल अडकवा, पाणसळ (बुडबुड्याची लेव्हल) ठेवा, आणि मग दुसऱ्या भोकाची खूण करा.

त्याआधी वायरी. स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर असणार हे गृहीत धरायचं. शोधक यंत्र असेल तर ते फिरवा, नसेल तरी या पट्ट्यांत भोक पाडू नका. मी या जागा वेगळ्या रंगाच्या टेपने आधी दाखवून ठेवतो, शेल्फच्या खुणा नंतर.

भिंत गडद रंगाची असेल तर पेन्सिल दिसत नाही. तिथे शिंप्याचा खडू उत्तम, धार बारीक असते. फक्त तो मेणाचा नाही ना ते पाहा. कागदावर घासा, कागद तेलकट पारदर्शक झाला तर भिंतीवर नेऊ नका. वापरून चपटी झालेली कोरड्या साबणाची वडीही चालते, शिंपी ती कापडावर वापरतातच. ती ओल्या फडक्याने जाते, पण पुढे रंग द्यायचा असेल तर साबण नीट धुऊन काढा. पांढरी जलरंगी पेन्सिल मिळाली तर तीही चांगली, ओल्या बोटाने जाते. तिचा लाल किंवा पिवळा रंग मात्र फिकट मॅट भिंतीत मुरतो. शंखजिऱ्याची कांडी, जी वेल्डिंगवाले लोखंडावर वापरतात, ती खरबरीत गडद पृष्ठभागावर छान लिहिते, गुळगुळीत रंगावर मात्र घसरते.

आता तो रंगाचा पट्टा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लोकांना वाटतं, ‘रंगच द्यायचा आहे, खूण झाकली जाईल’. नाही झाकली जात. रंगाच्या कडेला निळी पूड असेल तर ओला ब्रश ती उचलतो आणि फिकट बाजूला निळसर धूसर कड येते. शिवाय पुडीवर टेप चिकटत नाही, तिच्या खालून रंग झिरपतो. पेन्सिलच्या लांब जाड रेघेचंही तेच. शिसं ओल्या रोलरबरोबर फासलं जातं आणि फिकट रंगात करडे ओघळ दिसतात.

म्हणून इथे भिंतीवर रेघ नकोच, उजेडाची रेघ हवी. लेझर लेव्हल उसनी आणता आली तर आणा. हिरवी लाल लेझरपेक्षा डोळ्याला जास्त ठळक दिसते, कारण दिवसाच्या उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील असतो. यंत्रातली हिरवी बहुधा ५१५ ते ५३२ च्या दरम्यान असते, लाल ६३५ च्या पुढे. उजेडाच्या खोलीत हा फरक फार जाणवतो. किरणात थेट पाहू नका, आणि यंत्र ‘अचूक’ म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. साध्या यंत्रात १० मीटरला तीनेक मिलिमीटरची चूक धरूनच चालायचं.

लेझर नसेल तर पाण्याची नळी. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकं उघडी. दोन्ही टोकांची पातळी सारखी, मग मध्ये कोपरा असो की दार. वापरण्याआधी दोन्ही टोकं शेजारीशेजारी धरा. पातळी एका रेषेत नसेल तर आत कुठेतरी हवेचा बुडबुडा आहे, तो टिचक्या मारून बाहेर काढा. एवढं केलं तर या नळीइतकं स्वस्त आणि खरं साधन नाही. पाणसळीवर माझा तितका भरवसा नाही. तीही तपासावी: एका जागी ठेवून बुडबुडा कुठे आहे पाहा, पाणसळीचं डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून त्याच जागी ठेवा. बुडबुडा त्याच बाजूला झुकला तर जागा तिरकी, दुसऱ्या बाजूला गेला तर पाणसळ तिरकी.

नळीने दोन टोकांच्या खुणा केल्यावर त्यांच्यामध्ये कोरडी दोरी ताणा, पूड न लावता. तिच्या कडेने दर ५०-६० सेंटिमीटरवर पेन्सिलची बारीक टिचकी द्या. टिचक्या नेहमी गडद रंगाच्या बाजूला, म्हणजे तुमच्या बाबतीत रेषेच्या खाली. मग टेप अशी लावा की तिची खालची कड टिचक्यांच्या वरच्या टोकाला लागेल. टिचक्या गडद रंगाखाली जातील आणि फिकट भिंतीवर काहीच उरणार नाही. टेपची कड बोटाने दाबून बसवा आणि तिच्यावर आधी वरचाच, फिकट रंग हलका फिरवा. टेपखाली जे झिरपायचं ते फिकटच झिरपेल आणि फट बुजेल. ते वाळलं की गडद रंगाचे हात. शेवटचा हात अजून थोडा ओला असताना टेप स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढून काढा.

एक गंमत इथे होते. रेघ अगदी लेव्हलमध्ये असते आणि तरी तिरकी दिसते, कारण खिडकीची चौकट किंवा फरशीची कड तिरकी असते आणि डोळा तुलना तिच्याशी करतो. फरक थोडा असेल तर मी चक्क मधली वाट काढतो, निम्मी चूक लेव्हलच्या वाट्याला आणि निम्मी खिडकीच्या. शेल्फला हे करता येत नाही, त्यावरून वस्तू घरंगळतील. रंगाला करता येतं.

काय वापरू नये ते आता तुमच्या लक्षात आलं असेल, तरी बॉलपेन आणि मार्करबद्दल बोलायलाच हवं, कारण ते प्रत्येकाच्या खिशात असतं. खडू, शिसं, गेरू यांत रंगाचे कण असतात. ते जिथे पडले तिथे राहतात, दोन हातांत झाकले जातात किंवा तिथेच डाग होऊन बसतात. बॉलपेन आणि मार्करच्या शाईत बहुधा विरघळलेला रंग असतो. वर ओला रंग आला की तो पुन्हा सुटतो आणि वर चढतो. दुसरा हात द्या, तिसरा द्या, दर वेळी जांभळट खूण हसत वर येते. त्यावर उपाय एकच, लाखेचा किंवा डाग अडवणारा प्रायमर त्या जागी लावणे आणि मग रंग. मेणखडू उलट त्रास देतो. मेणावर पाण्याचा रंग बसतच नाही, मागे सरतो आणि खळगे राहतात. भिंतीला कागद लावायचा असेल तर पेन्सिलशिवाय काहीच नको, तीही हलकी. आणि लाकडाचा कोळसा हाताशी असला तरी फिकट भिंतीजवळ नको, तो बोटांनी घरभर फिरतो.

हे वाचायच्या आधीच कुठेतरी निळी पूड मारून बसला असाल तर घाईने ओलं फडकं घेऊ नका. ओलेपणाने पूड मॅट भिंतीच्या रंध्रांत उतरते. आधी मऊ कोरडा ब्रश, शक्य असेल तर ब्रश लावलेला व्हॅक्यूम, मग कोरडं मायक्रोफायबरचं कापड. एवढ्याने बरीचशी जाते. उरलेल्यावर घट्ट पिळलेलं कापड, रेघेच्या दिशेने नव्हे तर टिपून, दर वेळी कापडाची नवी घडी. लागलाच तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. तो पांढरा जादूचा स्पंज मात्र जपून. तो खरं तर अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. डाग जातो पण मॅट भिंतीवर चकाकता चट्टा ठेवतो. स्पिरिटने मार्कर निघतो, पण त्याने इमल्शनही मऊ होतं, आधी दाराआड करून पाहा. घासून काढायची वेळ आली आणि घर जुनं असेल तर कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं (पेन्सिलीतलं नव्हे, विषारी धातू) असू शकतं, ते धुळीवाटे श्वासात जातं.

पूड झाडण्याआधी, टाइल्स बसण्याआधी ओट्यामागच्या भिंतीवर आणखी एक काम करा. पाइप आणि वायरी कुठून गेल्या आहेत ते त्याच खडूने गिलाव्यावर जाड रेघांनी दाखवा, शेजारी मोजपट्टी उघडून धरा आणि मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा, एक जवळून, एक दारातून. पुढे कधी त्या टाइल्सवर हूक लावायची वेळ आली की त्या फोटोवरूनच माप घ्यायचं.